घरी सॅनिटायझर बनवण्याचा संच: साहित्य नेमके, पत्रक अपुरे

हातांना चोळायचे सॅनिटायझर घरच्या घरी तयार करता यावे म्हणून विकल्या जाणाऱ्या एका संचाचे हे परीक्षण आहे. संच दोन प्रकारांत मिळतो. एका प्रकारात ९६ टक्के इथेनॉल असते आणि दुसऱ्यात ९९.८ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. बाकीचे साहित्य दोन्हींत सारखेच आहे: ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची तपकिरी बाटली, ग्लिसरिन, डिस्टिल्ड वॉटर, एक लिटरचे उभे मोजपात्र, थोड्या प्रमाणातले द्रव मोजण्यासाठी एक बारीक मोजनळी, नरसाळे, अल्कोहोलमीटर, झाकण असलेल्या रिकाम्या बाटल्या, त्यांवर लावायच्या चिठ्ठ्या आणि कृतीचे छापील पत्रक. मी दोन्ही प्रकार वापरून पाहिले आहेत. साहित्य निवडणाऱ्याला विषयाची उत्तम जाण आहे, हे पहिल्या वापरातच लक्षात येते. पत्रक लिहिताना मात्र तीच काळजी घेतलेली नाही, आणि आगीशी व विषबाधेशी संबंध येणाऱ्या कामात पत्रकातली उणीव साहित्यातल्या उणिवेपेक्षा अधिक महाग पडू शकते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आधी जे चांगले आहे ते सांगतो. सॅनिटायझरची सगळी ताकद त्यातल्या अल्कोहोलच्या प्रमाणात असते, आणि हे प्रमाण डोळ्यांना दिसत नाही, वासावरून ठरत नाही, हाताला जाणवणाऱ्या गारव्यावरूनही कळत नाही. ४५ टक्क्यांचे मिश्रण आणि ७५ टक्क्यांचे मिश्रण शेजारी शेजारी ठेवले तर दोन्ही पाण्यासारखी पारदर्शक दिसतात आणि दोन्हींना तसाच उग्र वास येतो. पण पहिल्यावर विसंबून राहता येत नाही आणि दुसऱ्यावर राहता येते. त्यामुळे घरगुती सॅनिटायझरच्या बाबतीत ‘अंदाजे’ या शब्दाला जागा नाही, आणि या संचाने मोजण्याच्या साधनांवर खर्च केला आहे ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

पत्रकातील मूळ कृती जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रावर आधारलेली आहे. रुग्णालयांना आणि औषधनिर्मात्यांना स्थानिक पातळीवर सॅनिटायझर तयार करता यावे म्हणून संघटनेने हे सूत्र दिले आणि २०१० मध्ये त्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. एक लिटरचा हिशोब असा: इथेनॉलच्या प्रकारात ९६ टक्के इथेनॉल ८३३.३ मिली, आयसोप्रोपिलच्या प्रकारात ९९.८ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५१.५ मिली, दोन्हींत ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१.७ मिली आणि ९८ टक्के ग्लिसरिन १४.५ मिली, आणि मग एकूण एक लिटर होईपर्यंत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेले पाणी. तयार मिश्रणात इथेनॉल ८० टक्के किंवा आयसोप्रोपिल ७५ टक्के भरते, ग्लिसरिन १.४५ टक्के आणि पेरॉक्साइड ०.१२५ टक्के. संचातील मोजपात्रावर दहा-दहा मिलीच्या रेघा असल्यामुळे ७५१.५ हा आकडा काही नेमका साधत नाही, पण त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. ७५० मिली घेतले तरी अंतिम प्रमाण ७५ टक्क्यांच्या अगदी जवळ राहते, आणि मूळ मार्गदर्शिकेनेच ठरलेल्या टक्केवारीपासून पाच टक्के वर-खाली एवढी सूट दिलेली आहे. पेरॉक्साइड आणि ग्लिसरिनसाठी मात्र मोठे पात्र कामाचे नाही. तिथे बारीक मोजनळीच हवी, आणि ती संचात दिली आहे हे बरे झाले.

या चार घटकांपैकी प्रत्येक घटक कशासाठी आहे हे पत्रकात सांगितले असते तर वापरणाऱ्याने मनाने बदल करण्याचे टाळले असते. अल्कोहोल जंतूंच्या प्रथिनांची घडण मोडते आणि विषाणूंच्या बाहेरचे स्निग्ध आवरण विस्कटते. प्रथिने मोडण्याच्या या क्रियेला पाणी लागते. म्हणूनच जवळजवळ शुद्ध अल्कोहोल अधिक परिणामकारक ठरेल ही समजूत चुकीची आहे, शिवाय ते त्वचेवरून इतक्या झपाट्याने उडते की जंतूंना पुरेसा वेळ स्पर्शच होत नाही. दुसऱ्या टोकाला, ६० टक्क्यांच्या खाली परिणामाची खात्री देता येत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड हातावरचे जंतू मारण्यासाठी घातलेले नसते. साहित्यात किंवा बाटलीत राहून गेलेले जिवाणूंचे बीजाणू निष्प्रभ करण्यासाठी ते असते. त्यामुळे ते जास्त घालून काही साधत नाही. उलट ३ टक्क्यांऐवजी ३० टक्क्यांचे पेरॉक्साइड आणून ते घरी पातळ करण्याचा खटाटोप तर कोणीही करू नये, कारण तेवढे तीव्र द्रावण त्वचा भाजते आणि डोळ्यांना कायमची इजा करू शकते. ग्लिसरिन त्वचेतला ओलावा टिकवते. ते वाढवले की हात चिकट होतात, आणि अगदीच वगळले तर वारंवारच्या वापराने त्वचा कोरडी पडून भेगाळते.

प्रत्यक्ष मिश्रण करण्याचा अनुभव समाधानकारक आहे. मोजपात्र जड बुडाचे असल्याने हलत नाही आणि रेघा कोरलेल्या असल्याने अल्कोहोल लागून पुसल्या जात नाहीत. अल्कोहोलमध्ये पाणी ओतताना आत काचेसारख्या वळवळत्या रेषा उमटतात, पात्र हाताला किंचित कोमट लागते आणि ढवळल्यावर पातळी थोडी खाली उतरते. पाणी आणि अल्कोहोल एकमेकांत मिसळले की त्यांचे एकत्रित आकारमान दोघांच्या बेरजेपेक्षा कमी भरते, म्हणून असे होते. याच कारणासाठी पाणी वेगळे मोजून ओतायचे नसते, तर एक लिटरच्या रेघेपर्यंत भरायचे असते. पातळी उतरली की पुन्हा थोडे पाणी घालायचे आणि द्रवाच्या वक्राचा खालचा काठ डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायचा. पत्रकात ‘रेघेपर्यंत भरा’ एवढेच शब्द आहेत. कारण सांगितलेले नसले तरी सूचना बरोबर आहे. ग्लिसरिन मोजनळीच्या आतल्या भिंतीला चिकटून राहते, त्यामुळे ती नळी थोड्या डिस्टिल्ड वॉटरने विसळून ते पाणीही मिश्रणातच घालावे, ही बारीकशी पण उपयोगाची गोष्ट पत्रकात यायला हवी होती.

आता अल्कोहोलमीटरकडे वळतो, कारण माझी पहिली गंभीर हरकत तिथे आहे. हे तरंगणारे काचेचे साधन द्रवाच्या घनतेवरून अल्कोहोलची टक्केवारी दाखवते. इथेनॉलच्या प्रकारात त्याचा चांगला उपयोग होतो. पण तेच साधन, तीच मोजपट्टी छापलेले, आयसोप्रोपिलच्या प्रकारातही दिलेले आहे, आणि हे बरोबर नाही. दोन्ही अल्कोहोलांच्या पाण्याबरोबरच्या मिश्रणांची घनता सारखी नसते. इथेनॉलसाठी आखलेली पट्टी आयसोप्रोपिलच्या मिश्रणात खऱ्या प्रमाणापेक्षा काही टक्के अधिक दाखवते, म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला होते. मिश्रण कमी ताकदीचे असूनही आकडा दिलासा देतो. उत्पादकाने एक तर आयसोप्रोपिलच्या प्रकारासाठी वेगळी पट्टी द्यावी किंवा त्यातून हे साधन काढून टाकून मोजमापाच्या काटेकोरपणावरच भर द्यावा. ज्यांच्याकडे हा प्रकार आहे त्यांनी सध्या तरी मीटरच्या आकड्यावर विसंबू नये आणि ओततानाची मापे नीट पाळावीत.

इथेनॉलच्या प्रकारातही मीटर वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. त्याच्या दांड्यावर २० अंश सेल्सिअस असे बारीक अक्षरांत छापलेले आहे. आकडा त्याच तापमानाला खरा असतो. द्रव त्याहून गरम असेल तर तो विरळ होतो, मीटर अधिक बुडतो आणि वाचन वाढते, साधारणपणे दर अंशामागे एक तृतीयांश टक्का. नुकतेच ढवळलेले, अजून कोमट असलेले मिश्रण मोजण्यापेक्षा ते खोलीच्या तापमानाला येऊ देऊन मग मोजणे आणि तापमानाचा फरक वजा करणे हे योग्य. दुसरे म्हणजे ग्लिसरिन पाण्याहून जड असल्यामुळे ते घातल्यावर वाचन थोडे खाली येते. ८० ऐवजी ७८ च्या आसपास आकडा दिसला तर लगेच आणखी अल्कोहोल ओतण्याची गरज नसते. या दोन्ही गोष्टी पत्रकात नाहीत. साधन द्यायचे आणि ते वाचायचे कसे हे सांगायचे नाही, याला अर्थ नाही.

पत्रकाच्या शेवटच्या पानावर ‘आवडीनुसार’ या मथळ्याखाली जे लिहिले आहे ते मात्र मला अजिबात मान्य नाही. तयार मिश्रणाच्या दोन भागांत एक भाग कोरफडीचा गर घालून जेल करावे आणि सुवासासाठी सुगंधी तेलाचे थेंब टाकावेत, असा सल्ला तिथे दिला आहे. साधा हिशोब करून पाहा. ७५ टक्क्यांच्या मिश्रणाचे दोन भाग आणि गराचा एक भाग एकत्र केला की अल्कोहोल उरते ५० टक्के. ८० टक्क्यांच्या मिश्रणाचे उरते जेमतेम ५३ टक्के. पहिल्या तीन पानांवर काटेकोर मापांनी जे साधले ते चौथ्या पानावर घालवून टाकले. बाजारात तयार मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये याच प्रमाणात गर घातला तर मिश्रण ४७ टक्क्यांच्याही खाली उतरते. शिवाय पानातून काढलेला ताजा गर स्वतःबरोबर जंतू आणि सेंद्रिय पदार्थ घेऊन येतो, आणि त्यातली शर्करायुक्त द्रव्ये अल्कोहोलमध्ये विरघळत नाहीत. काही वेळातच पांढरट तंतू वेगळे होऊन बाटलीच्या तळाशी साचतात. कारखान्यात जे जेल तयार होते ते कार्बोमरसारखा घट्ट करणारा पदार्थ आणि त्याची आम्लता उतरवणारे दुसरे द्रव्य वापरून, अंतिम टक्केवारीची तपासणी करून तयार होते. घरी केलेले सॅनिटायझर पाण्यासारखे पातळच असू द्यावे. फवाऱ्याच्या किंवा बारीक छिद्राच्या झाकणातून ते व्यवस्थित घेता येते. सुगंधी तेलांनी जंतुनाशक शक्ती वाढत नाही, ॲलर्जीचा धोका मात्र वाढतो, आणि लहान मुलांना तो वास बाटलीकडे ओढून नेतो.

आगीविषयीची सूचना पत्रकात आहे, पण ती सर्वांत शेवटी, एका ओळीत, ‘ज्वलनशील, काळजी घ्यावी’ एवढीच. मला विचाराल तर ती पहिल्या पानाच्या वरच्या भागात मोठ्या अक्षरांत हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार ८० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाचा ज्वलनांक १७.५ अंश सेल्सिअस आहे आणि ७५ टक्के आयसोप्रोपिलच्या मिश्रणाचा १९ अंश. याचा अर्थ असा की नेहमीच्या खोलीच्या तापमानालाच या द्रवावर पेट घेऊ शकणारी वाफ तयार होत असते. त्याला वेगळे तापवावे लागत नाही. ही वाफ हवेहून जड असल्याने खाली उतरते आणि ओट्यावरून, जमिनीवरून पसरत दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून स्वयंपाकघर ही या कामाची जागा नव्हे, जरी मोजायला-ओतायला तिथला ओटा सोयीचा वाटला तरीही. खिडक्या उघड्या असलेली दुसरी खोली निवडावी. गॅस, दिवा, मेणबत्ती, उदबत्ती, पेटती सिगारेट, हीटर यांपैकी काहीही जवळपास नसावे. मिसळणे चालू असताना विजेची बटणे सुरू-बंद करू नयेत. आणि सांडलेले द्रव कापडाने टिपून ते कापड उघड्या हवेत वाळत घालावे, कचऱ्याच्या बंद डब्यात टाकू नये. इथेनॉलची ज्योत इतकी फिकट निळी असते की भर उजेडात ती दिसतही नाही, आणि त्यामुळे पेटल्याचे कळेपर्यंत हात भाजलेला असू शकतो. सॅनिटायझर चोळलेले हात पूर्ण कोरडे होईपर्यंत काडी पेटवू नये, हेही याच कारणासाठी. एका वेळी लिटरभरच मिश्रण करता येईल अशी या संचाची रचना आहे. अधिक मोठ्या डब्यांची मागणी ग्राहकांनी केली तरी उत्पादकाने ती मान्य करू नये असे मला वाटते.

वाट पाहण्याबद्दलही पत्रक गप्प आहे. बाटल्या भरून झाकणे घट्ट लावल्यावर त्या ७२ तास तशाच ठेवायच्या असतात, कारण बीजाणू निष्प्रभ करायला पेरॉक्साइडला तेवढा वेळ लागतो. पत्रकात ‘तयार मिश्रण लगेच वापरता येते’ असे म्हटले आहे. तीन दिवस थांबल्याने कोणाचे काही अडत नाही, आणि वाक्य दुरुस्त करायला फार कष्ट नाहीत.

शुद्धतेच्या बाबतीत मात्र संच पूर्ण विश्वासाचा वाटतो. अल्कोहोलच्या बाटलीवर प्रकार, टक्केवारी, तुकडी क्रमांक आणि मिथेनॉल नसल्याचा उल्लेख स्पष्ट छापलेला आहे. हे महत्त्वाचे का, ते २०२० मध्ये जगाने पाहिले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला बाजारातल्या अनेक सॅनिटायझरमध्ये मिथेनॉल आढळले आणि ती उत्पादने वापरू नयेत असा इशारा द्यावा लागला. मिथेनॉलचा वास आणि रूप इथेनॉलसारखेच असते, पण ते शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते, दृष्टी जाते आणि प्राणही जाऊ शकतो. त्वचेतूनही ते शोषले जाते. लाकडाच्या पॉलिशसाठी किंवा रंग पातळ करण्यासाठी मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये पिण्यास अयोग्य व्हावे म्हणून मिथेनॉल मिसळलेले असू शकते. असे स्पिरिट हातांसाठी कधीही वापरू नये. पिण्याच्या मद्याचाही इथे काही उपयोग नाही, कारण त्यातले अल्कोहोल बहुधा ४० टक्क्यांच्या आसपास असते आणि त्यात पाणी किंवा गर घातल्यावर ते आणखी खाली जाते. घरातील ब्लीच तर या मिश्रणाच्या जवळही आणू नये. अल्कोहोलबरोबर त्यातून क्लोरोफॉर्मसारखी घातक द्रव्ये तयार होऊ शकतात.

हातावरचा अनुभव चांगला आहे. तळवा भरेल इतके द्रव घेऊन बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोके आणि हाताची मागची बाजू यांवर चोळले की २० ते ३० सेकंदांत ते सुकते. दहा सेकंदांतच सुकत असेल तर द्रव कमी घेतले असे समजावे. सुकल्यावर ग्लिसरिनचा हलकासा मऊपणा राहतो, चिकटपणा राहत नाही. आयसोप्रोपिलचा वास इथेनॉलपेक्षा तीव्र असून तो काही काळ रेंगाळतो, त्यामुळे ज्यांना वासाचा त्रास होतो त्यांनी इथेनॉलचा प्रकार घ्यावा.

परिणामाच्या मर्यादा पत्रकात नाहीत, त्या इथे नोंदवतो. कोरोना आणि इन्फ्लुएन्झासारख्या आवरण असलेल्या विषाणूंवर हे मिश्रण उत्तम काम करते. नोरोव्हायरससारख्या आवरण नसलेल्या विषाणूंवर त्याचा परिणाम तुलनेने कमी होतो आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूच्या बीजाणूंवर तर ते चालतच नाही. जुलाब-उलट्यांचा आजार घरात असेल तर साबण आणि पाणी हाच आधार. माती, तेल, रक्त लागलेल्या हातांवरही सॅनिटायझर वाया जाते. नळाला पाणी आणि जवळ साबण असणाऱ्या माणसाला घरात बसून या संचाची गरज नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन, आणि तयार, प्रमाणित सॅनिटायझर सहज मिळत असेल तर तेच घेणे अधिक सोपे आणि अधिक सुरक्षित. आजारी माणसाची सेवा करणारे, पाण्याची सोय नसलेल्या जागी काम करणारे, किंवा तुटवड्याच्या काळात बाटली न मिळणारे यांच्यासाठी हा संच खरोखर उपयोगी आहे, तोही मापे पाळून, गर न घालता.

बाटल्या पॉलिइथिलीनच्या आहेत, अल्कोहोलने तडकत नाहीत, आणि झाकणे घट्ट बसतात. झाकण सैल राहिले तर पाण्याआधी अल्कोहोल उडते आणि मिश्रण दिवसेंदिवस कमजोर होत जाते. पण त्या पाण्याच्या बाटलीसारख्या दिसतात, आणि सोबतच्या चिठ्ठ्यांवर फक्त ‘सॅनिटायझर’ असे छापलेले आहे. लहान मुलाच्या पोटात थोडेसे मिश्रण गेले तरी त्याची साखर उतरते, झोपाळूपणा येतो आणि श्वास मंदावू शकतो. म्हणून चिठ्ठीवर अल्कोहोलचा प्रकार, टक्केवारी, तयार केल्याची तारीख, ‘पिऊ नये’ आणि ‘आगीपासून दूर’ एवढे तरी हवेच, आणि झाकण मुलांना सहजी न उघडणारे हवे. उत्पादक आता नुसत्या अल्कोहोलचे वेगळे भरणपाकीटही विकू लागला आहे. ते घेणाऱ्यांनी आधीच्या बाटलीत उरलेल्या मिश्रणावर नवे ओतू नये. बाटली रिकामी करून, साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून मगच भरावी, आणि उघडल्यानंतर बराच काळ पडून राहिलेले पेरॉक्साइड न वापरता त्याची नवी बाटली आणावी, कारण उजेडाने आणि काळाने त्याचे पाणी आणि ऑक्सिजन होऊन जाते.